विहीणबाईंचा गंबो

२०२२ साली नाताळचा आदला दिवस शनिवारी आला होता. तो वार माझ्या लक्षात राहिला याला दोन कारणं आहेत. कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे रजा न मागता सगळे घरी होते. आणि माझी धाकटी नणंद मालन शनिवारी मासे खात नाही. त्या दिवशी जे घडलं, त्यात तिच्या या शनिवारचा हात फार मोठा आहे.

मी तेव्हा सत्तर वर्षांची होते. सव्विसाव्या वर्षी साताऱ्याहून नर्स म्हणून इथे आले, तेव्हा सालमियात आमच्या इमारतीच्या मागे नुसती मोकळी वाळू होती आणि गच्चीवरून समुद्र अख्खा दिसायचा. आता दोन उंच इमारतींच्या फटीतून त्याची निळी चिंधी दिसते. माझे यजमान विश्वास इथल्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. ते गेल्यावर मी मुलाकडे, अभिनवकडे राहिले. अभिनव डॉक्टर. त्याची बायको ओडेट शाळेत विज्ञान शिकवते.

ओडेट न्यू ऑर्लीन्सची, क्रिओल घरातली. फ्रेंच, आफ्रिकन, स्पॅनिश अशी अनेक रक्तं आणि अनेक चुली ज्यांच्यात मिसळल्या, ते तिकडचे क्रिओल. लग्न करून आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. दोन वर्षांत ती माझ्याशी मराठीत भांडू लागली. क्रियापदं चुकायची, पण मुद्दा सोडायची नाही. मला ती तेव्हाच आवडली होती.

तिची आई लुसिल, म्हणजे माझी विहीण, मी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेली. गोल चेहरा, मोठे कानातले आणि हातात कायम लाकडी चमचा. आम्हा दोघींना एकमेकींचं बोलणं धड कळायचं नाही. ती भांडं कॅमेऱ्यासमोर धरायची, मग मी माझं धरायची, आणि आम्ही दोघी माना डोलवायचो. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ती गेली. ओडेट अंत्यविधीला जाऊन आली आणि तिच्या वडिलांची काळजी उराशी घेऊनच परतली.

वडिलांचं नाव अल्सीद. जन्मभर जुन्या घरांना गिलावा करण्याचं काम केलेला, उंच, रुंद हातांचा माणूस. बायको गेल्यावर त्यांनी बोलणं सोडलं आणि खाणं जवळजवळ सोडलं. ओडेटने हट्टाने डिसेंबरात त्यांना इथे बोलावून घेतलं. विमानतळावरून आले तेव्हा कोट खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. मी केलेली मऊ खिचडी त्यांनी चार घास खाल्ली, मान लववून माझे आभार मानले आणि बाल्कनीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी अभिनवला विचारलं, की परतीचं तिकीट अलीकडे आणता येईल का. नाताळ झाला की लगेच निघतो म्हणाले.

ओडेट त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली.

"आई, डॅडी परत गेले तर एकटे काही खाणार नाहीत. मला माहीत आहे."

"मग त्यांना काय आवडतं ते कर."

"मम्मी ख्रिसमस ईव्हला गंबो करायची, भातावर घ्यायचा आमचा दाट रस्सा. सीफूड गंबो. त्या दिवशी आम्ही मटण-चिकन खात नाही ना, म्हणून फक्त कोळंबी आणि खेकडे. डॅडी दुसऱ्या कुणाच्या हातचा गंबो खात नाहीत. आणि मी कधी एकटीने केला नाही."

"त्यांनाच विचार की."

तिने मान हलवली. "मम्मीचं नाव काढलं की ते उठून जातात."

त्या आठवड्यात मला एकच बारीकशी आशा दिसली होती. अल्सीद पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले होते. फडताळात माझी सुकटाची बरणी होती, देवगडहून आलेली, सुकवलेली बारीक कोळंबी. त्यांनी ती उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि बराच वेळ तशीच हातात धरून उभे राहिले. मग झाकण घट्ट लावून जागच्या जागी ठेवली. पाणी प्यायचं विसरून गेले.

शनिवारी सकाळी मालन आणि तिचे यजमान सुदेश फहाहीलहून आले. सुदेश तिकडे तेलाच्या कंपनीत वेल्डिंगवर देखरेख करतात. मालनची ख्याती वेगळी. दिवाळीत तिच्या बेसनाच्या लाडवांसाठी फहाहीलपासून रिग्गईपर्यंतच्या मराठी घरांतून फोन येतात. बेसन भाजावं तर मालननेच. मंद आचेवर ती असं ढवळत बसते की कढईतला एक कण जास्त लाल होत नाही. तिने फहाहीलच्या बाजारातून कोळंबी आणि खेकडे आणले होते. खेकड्यांना इथे गुबगुब म्हणतात आणि मालनला तो शब्द इतका आवडतो, की ती देवगडला गेली तरी तोच वापरते.

"वयनी, गुबगुब बघ कसे जिते आसत! त्या मासेवाल्याक म्हटलंय, मेलेलो दिलंस तर उद्या परत येऊन तुझ्या डोक्यार घालतंय."

"अरबीत सांगितलंस?"

"अर्धा अरबीत, अर्धा मालवणीत. समाजला तेका."

सुदेश खुर्ची ओढून बसले. "वहिनी, आज माझी चंगळ. शनिवार हिचो, वाटी माझी. हिच्या वाट्याचाय मीच खातलंय."

"खावा खावा," मालन म्हणाली. "माझी उद्याक ठेवतंय ती मात्र हात लावलात तर बघा."

मार्गशीर्षातले गुरुवार नुकतेच संपले होते, अमावस्या कालच झाली होती, आणि महिनाभर मासे नसलेल्या त्या घरात कोळंबी सोलायला बसलेल्या मालनचा चेहरा बघण्यासारखा होता. तोंडात घालणार नव्हती, पण सोलताना प्रत्येक कोळंबीशी बोलत होती. ओडेटने डोकी आणि सालं टाकू दिली नाहीत, वेगळ्या पातेल्यात पाणी घालून उकळायला ठेवली. मालनने ते बघून माझ्याकडे समाधानाने पाहिलं. ही मुलगी आपल्यातली आहे असा तो शेरा होता. मग तिने पिशवीतून मालवणी मसाल्याची पुडी काढली.

"आत्या, नाही!" ओडेट दोन्ही हात पसरून पातेल्यापुढे उभी राहिली.

"अगो थोडोच."

"थोडा पण नाही. मम्मी स्वर्गातून खाली येईल."

"येवंदे, तेवढीच भेट होयत," मालन म्हणाली आणि पुडी परत पिशवीत टाकली.

मग ओडेटने जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून मैदा घातला. गंबोचा सगळा जीव या भाजलेल्या पिठात असतो, हे तिने आम्हाला समजावून सांगितलं. हात थांबवायचा नाही, आच वाढवायची नाही, आणि रंग नेमका आला की लगेच कांदा घालून तो रंग तिथेच थांबवायचा. पीठ पांढऱ्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं सोनेरी. तिचा हात अखंड फिरत होता आणि कपाळावर घाम होता. मी नर्स म्हणून पुष्कळ हात पाहिले आहेत. घाबरलेला हात सुई टोचायच्या आधीच कळतो. ओडेटचा हात घाबरलेला होता, पण चुकत नव्हता. या पोरीचं मला त्या क्षणी फार कौतुक वाटलं.

पीठ बदामी रंगाच्या पुढे गेलं तेव्हा अभिनवने बाहेरून हाक मारली. "ओडेट, डॅडी बाल्कनीत नाहीत. फोन इथेच आहे त्यांचा."

ती दचकली. चमचा मालनच्या हातात देत म्हणाली, "आत्या, फक्त ढवळत राहा. थांबू नका." आणि चपलाही न घालता लिफ्टकडे पळाली. अभिनव तिच्यामागे गेला. मी सुदेशबरोबर बाल्कनीतून खाली वाकून शोधू लागले. नव्या शहरात, भाषा न येणारा, दुःखात बुडालेला माणूस. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. बऱ्याच वेळाने ते दिसले. इमारतीचा पहारेकरी अशरफ आपल्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतो, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर अल्सीद काचेच्या पेल्यातून चहा पीत होते. दोघांत एक शब्द चाललेला नव्हता. दोघेही रस्त्याकडे बघत होते.

मी निःश्वास टाकून आत आले. स्वयंपाकघरात भाजलेल्या पिठाचा खमंग वास होता. मालन अभिमानाने बाजूला सरकली.

"बघ वयनी. कसो रंग इलो!"

पातेल्यात सुरेख सोनेरी पीठ होतं. पण ओडेट गेली तेव्हा ते याहून गडद होतं, एवढं मला आठवत होतं.

"मालन, हे काय केलंस?"

तिने आवाज खाली आणला. "अगो, तिचा पीठ करापला होता. काळा पडाक लागला. बापासमोर बिचारीची फजिती झाली असती. मी ता टाकलंय, पातेला धुतलंय आणि दुसरा भाजलंय. तूप घातलंय थोडा, वास बघ. तिका काय सांगू नको. तिका वाटात तिनाच केला."

मी कपाळावर हात मारला. जन्मभर बेसन सोनेरी होताच गॅस बंद करणाऱ्या बाईला तपकिरी पीठ म्हणजे जळलेलंच वाटणार. दुसऱ्या कुणी ते टाकलं नसतं. मालनने टाकलं, कारण पिठाच्या बाबतीत तिची चूक होऊच शकत नाही, असा सगळ्या कुवेतचा आणि तिचा स्वतःचा विश्वास होता. आणि वाईट याचं, की तिने ते सगळं निव्वळ मायेने केलं होतं.

तेवढ्यात ओडेट आली. मागे अभिनव आणि अल्सीद. तिने पातेल्यात पाहिलं, मग मालनकडे, मग कचऱ्याच्या डब्याकडे. कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

मला वाटलं आता ही ओरडेल. माझ्या ओळखीच्या कितीतरी सुना ओरडल्या असत्या, आणि त्यांचं चुकलंही नसतं. ओडेट स्टुलावर बसली. तिने मालनचा हात धरला.

"आत्या, मी जळवत नव्हते. तो तसाच गडद करायचा असतो. पण किती गडद, ते मलाच माहीत नाही. मम्मी दरवर्षी मला ढवळायला द्यायची आणि मग..." तिने कुणीतरी चमचा काढून घेतल्यासारखा हात मागे ओढला. "मी पण अंदाजानेच करत होते."

मालनचा चेहरा कोळंबीच्या सालासारखा फिका पडला. "माका काय म्हायत गो बाय. माझ्या हातान सत्यानाश झालो."

त्या क्षणी अल्सीद पुढे आले. आल्यापासून ते कुणी बोलावल्याशिवाय असे आमच्यात आले नव्हते. त्यांनी पातेल्यावर वाकून पाहिलं, नाक जवळ नेलं आणि इंग्रजीत म्हणाले, "लोणी घातलंय कुणीतरी." मग थोडं थांबून म्हणाले, "बिघडलेलं नाही. हे अर्धं झालंय."

ओडेट स्टुलावरून उठली.

"तुझ्या आईला मी सांगायचो, कधी थांबायचं ते," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षं. ती ढवळायची, मी टेबलापाशी बसून रंग बघायचो. तिला वाटायचं तिची नजर घाई करते. माझं काम रंगाचंच होतं ना. गिलाव्यात पाणी किती, रंग किती, तेवढंच मला कळतं."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, डॅडी."

"तू विचारलं नाहीस. आणि गेल्या मार्चपासून मला वाटत होतं, की आता हे कुणाला सांगायचं."

त्यांनी खुर्ची ओढली आणि शेगडीपासून थोडी दूर, पातेल्याचं तोंड दिसेल अशी ठेवली. मालनकडे बोट दाखवून म्हणाले, "या बाईंनाच ढवळू दे. हात चांगला आहे."

ओडेटने ते मराठीत सांगितलं. मालनने डोळे पुसले, पदर खोचला आणि चमचा हातात घेतला. गॅस पुन्हा पेटला. पुढचा काही वेळ आमच्या स्वयंपाकघरात जे चाललं, ते मी कधी विसरणार नाही. ते इंग्रजी बोलणारे, ही मालवणी, आणि दोघांच्या मध्ये एक पातेलं.

पीठ बदामी झालं. मालनने वळून पाहिलं. अल्सीदनी मान हलवली. "मोर."

"आणखी? करपतला हां!"

"मोर."

पीठ विटकरी झालं. मालनने पदराने कपाळ पुसलं. "ह्यो माणूस माझी अब्रू घालवतलो. ओडेट, सांग तेंका, आमच्याकडे असा पीठ गुरांकपण घालणत नाय."

ओडेटने ते जसंच्या तसं सांगितलं. अल्सीद हसले. मार्चनंतर पहिल्यांदा, असं ओडेट नंतर म्हणाली. मला ते आधीच कळलं होतं, कारण ते हसताच ओडेट तोंड फिरवून सिंककडे गेली आणि नळ सोडून उगाच उभी राहिली.

"मोर," ते म्हणाले. "आमच्या जिन्याचा कठडा आहे ना, हात लागून लागून गडद झालेला. तो रंग." त्यांनी पाणावलेल्या डोळ्यांनी पातेल्यात बघत हात वर केला, आणि तो खाली आणत म्हणाले, "नाऊ!"

ओडेटने कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी एकदम लोटली. चर्र आवाज झाला, वाफ छतापर्यंत गेली आणि घरभर असा वास पसरला की सुदेश बाहेरून ओरडले, "गे, काय जाळलंस?" आणि लगेच पुढे, "नाय, जाळूक नाय. कायतरी चांगला आसा."

मग उकळलेल्या सालांचं पाणी गेलं, भेंडी गेली, खेकडे गेले. कोळंबी अगदी शेवटी. त्याआधी अल्सीद स्वतः उठले आणि फडताळातून माझी सुकटाची बरणी काढून माझ्यापुढे धरली. विचारण्यासारखा चेहरा केला. मी म्हटलं, घ्या. त्यांनी मूठभर सुकट पाण्यात धुऊन पातेल्यात टाकलं. त्यांचे आजोबा समुद्रकाठी लाकडी फळ्यांवर कोळंबी वाळवायचे, असं त्यांनी सांगितलं. सगळे मिळून तिच्यावर नाचायचे म्हणे, सालं सुटावीत म्हणून. माझ्या बरणीत त्यांना तो समुद्रकाठ भेटला होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

दुपारी उशिरा आम्ही जेवायला बसलो. खोलगट ताटलीत मध्ये भाताची मूद आणि भोवती गडद तपकिरी रस्सा, त्यातून वर आलेली खेकड्याची नांगी. ओडेटने वडिलांपुढे ताटली ठेवली आणि आपली खायचीच विसरली. त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे उगाचच इकडे तिकडे बघू लागलो. अभिनव पाणी ओतत राहिला, ग्लास भरून वाहिला तरी.

"लुसिलचा नाही," ते शेवटी म्हणाले. ओडेटचा चेहरा उतरला. "पण ती दुसऱ्यांदा वाढून घेईल असा आहे." आणि त्यांनी ताटली पुढे केली.

गंबो कसा होता ते सांगायचं तर, समुद्राची चव आणि चुलीची चव एकाच घासात. चार ठिकाणची माणसं एका चुलीवर किती काळ मुरली असतील, तेव्हा हे जमलं असेल, असं वाटत राहिलं. मला माझ्या विहीणबाईंचा अभिमान वाटला. कॅमेऱ्यासमोर भांडं धरून त्या मला काय सांगत होत्या, ते त्या दिवशी कळलं.

खाता खाता अल्सीदचं लक्ष मालनकडे गेलं. तिच्यापुढे वरणभात होता.

"या बाई खात का नाहीत?"

ओडेटने समजावलं, की आज शनिवार, आत्या मारुतीचा वार पाळतात.

"आमच्याकडे शुक्रवार असतो," ते गंभीरपणे म्हणाले. "मग त्या कधी खाणार?"

"उद्या. त्यांची वाटी झाकून ठेवली आहे."

"उद्या आणखी चांगला लागेल. मुरतो तो." त्यांनी चमचा खाली ठेवला आणि अभिनवकडे वळले. "ते तिकीट राहू दे. जिने ढवळलं तिने खाल्ल्याशिवाय मी कसा जाऊ? तिचं मत ऐकायला हवं."

अभिनव म्हणाला, "तिकीट मी बदललंच नव्हतं."

मालन त्या रात्री आमच्याकडेच राहिली. रविवारी सकाळी ती आंघोळ करून, केस पुसत सरळ फ्रिजकडे गेली. अल्सीद तिच्यासमोर बसून तिचा चेहरा बघत होते, जसं आदल्या दिवशी पातेलं बघत होते. मालनने एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाली, "बरो झालो. पण मसालो होयो होतो."

ओडेटने ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा व्याही टेबलावर हात आपटून हसले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. अल्सीद जानेवारीच्या अखेरपर्यंत राहिले आणि रोज दुपारी अशरफबरोबर चहा पीत बसले. अशरफ पुढच्या वर्षी गावी परत गेला. त्याच्या जागी आलेला माणूस खुर्ची बाहेर टाकत नाही. अल्सीद पुढचे दोन्ही नाताळ इथे आले, आणि २०२५च्या फेब्रुवारीत आपल्या घरी, आपल्या अंथरुणात गेले. जिन्याच्या कठड्याचा एक तुकडा त्यांनी आधीच कापून ओडेटला दिला होता. तो आमच्या शेगडीच्या वर टांगलेला आहे. सुदेश निवृत्त झाले आणि देवगडला कलमांच्या बागेत दिवसभर कुणाला ना कुणाला ओरडत असतात. अभिनवचे केस पांढरे झाले. मी आता चार पावलं चालले की बसते, पण बसते ती स्वयंपाकघरातच. सुकटाची बरणी अजून देवगडहूनच येते.

मालन लाडवांचं बेसन आजही सोनेरीच भाजते. पण नाताळच्या आदल्या दिवशी ओडेट पातेलं शेगडीवर ठेवते, फोन फडताळाला टेकवून उभा करते, आणि देवगडच्या ओटीवर बसलेली मालन चष्मा सारखा करून पडद्यात बघते. ओडेट दरवेळी विचारते. तिला रंग केव्हाच कळायला लागलाय, तरी विचारते.

"आत्या, झालं का?"

"नाय गो," मालन म्हणते. "मोर."